लांब गाडी, अरुंद वाटा: हायलक्स पिकअपने श्रीवर्धन ते मालवण

टोयोटाची हायलक्स घेणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला पडतो: ही गाडी कुठेही जाते ना? २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर, एल-फोर (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर), मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता, एवढं वाचल्यावर तो पडणारच. पण कोकणात या आकड्यांचा कस क्वचित लागतो. इथे गाडीची परीक्षा होते ती तिच्या लांबीची, रिकाम्या हौद्याची आणि टायरमधल्या हवेची. आणि त्याआधी एक गोष्ट बघावी लागते, समोरची जागा मुळात चाक घालण्यासारखी आहे का.

ही फेरी सप्टेंबर संपताना केली, म्हणजे पाऊस ओसरलेला पण माती अजून ओली. दोन गाड्या होत्या: भारतात २०२२ पासून मिळणारी हायलक्स, ऑटोमॅटिक, आणि सोबतीला तीन दारांची थार. सोबत मुद्दाम घेतली. एकट्या गाडीने वाळूत किंवा चिखलात उतरू नये हे एक कारण, आणि एकाच वाटेवर लांब आणि आखूड गाडी मागोमाग चालवली की फरक डोळ्यांना दिसतो, हे दुसरं.

मापं आधी सांगतो. हायलक्स ५३२५ मिमी लांब, १८५५ रुंद, दोन धुऱ्यांमधलं अंतर ३०८५. थार ३९८५ लांब, अंतर २४५०. इसुझु व्ही-क्रॉस हायलक्सच्याच जवळपास मापाची आहे, त्यामुळे इथलं बहुतेक सगळं तिलाही लागू पडेल. अमेरिकेत ज्याला फुल-साइझ म्हणतात तो फोर्ड एफ-१५० आरसे सोडूनच २०३० मिमीच्या आसपास रुंद भरतो. तिथे हायलक्स मध्यम गटात मोडते; आपल्या गल्ल्यांसाठी तीच पूर्ण मापाची.

निघण्याआधी

हौद्यात मागच्या धुरीच्या जरा पुढे १०० किलो वजन बांधलं: वीस लिटरचे पाण्याचे चार कॅन आणि बाकी अवजारं. पानपाटे, म्हणजे मागच्या धुरीच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ओझं वाहायला बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते ताठ राहतात आणि मागचं चाक खड्ड्यावरून उडतं. वजन धुरीच्या मागे, फळक्याजवळ ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात, म्हणून जागा महत्त्वाची. आणि बांधणं तितकंच महत्त्वाचं. हौद्यातल्या कड्यांना रॅचेटच्या पट्ट्यांनीच बांधावं, सुतळी घाटात सैल पडते.

अवजारं अशी: बॅटरीला चिमट्याने जोडायचा कंप्रेसर, हवेचा स्वतंत्र गेज, रिकव्हरी बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्यांची) जोडी, कायनेटिक म्हणजे ताणला जाणारा दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्या कड्या), लांब दांड्याचं फावडं, जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट जाड प्लायचा तुकडा, पंक्चर किट. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर २६५/६० आर १८ टायरला पुरत नाही. चार टायर भरेपर्यंत तापून बंद पडतो, नाहीतर फ्यूज जातो. मिनिटाला ३५ लिटर हवा देणारा असला तर १८ पीएसआयवरून परत रस्त्याच्या दाबावर यायला टायरमागे तीन-चार मिनिटं लागतात.

शिवाय एक काठी. बांबूची साधी काठी, तिच्यावर तीन खुणा. पहिली मागच्या धुरीच्या गोळ्याच्या (डिफच्या फुगीर पेटीच्या) तळापर्यंत. हे माप आपापल्या गाडीखाली वाकून घ्यायचं, कंपनीच्या माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स इथे कामाचा नाही. दुसरी ३९० मिमीवर, म्हणजे टायरच्या निम्म्यावर (या टायरचा व्यास ७७५ मिमी भरतो). तिसरी ७०० वर. पुढचे सगळे निर्णय या काठीने झाले.

दिवस पहिला: पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन

ताम्हिणीत धुकं आणि ओला डांबरी रस्ता. इथे बरेच जण एच-फोर (चारही चाकांना जोर) लावून निवांत होतात. तसं करू नये. हायलक्सचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, पुढच्या आणि मागच्या धुरीमध्ये सेंटर डिफ नाही, म्हणजे दोन्ही धुऱ्या एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. वाळूत, चिखलात हा फरक चाक थोडं घसरून भरून निघतो. डांबराला पकड असल्यामुळे तो निघत नाही, आणि सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही धुऱ्यांना जोर वाटणाऱ्या पेटीत) साठतो. स्टिअरिंग जड होतं, तीव्र वळणावर गाडी धक्के देत पुढे सरकते. ओलं डांबरही डांबरच. घाटात एच-टू (फक्त मागच्या चाकांना जोर), उतरताना गिअर स्वतः खाली पाडून इंजिनाचा ब्रेक, आणि वळण संपेपर्यंत ॲक्सिलरेटर हलका. रिकाम्या पिकअपचं ढुंगण ओल्या वळणावर सरकतं ते बहुधा वेगामुळे नाही, वळणातच जोरात पाय दाबल्यामुळे. १०० किलो वजनाने हा स्वभाव बराच शांत झाला.

माणगावला टाकी पूर्ण भरली. ८० लिटरची टाकी या गाडीचा मोठा गुण आहे. किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप विरळ आणि गाडी सतत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालते. पुढे दापोली, रत्नागिरी आणि देवगड इथे भरत गेलं की काळजी राहत नाही.

म्हसळा ते श्रीवर्धन रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खड्डे आहेत, पिकअप ते आवाज करत खाते.

दिवस दुसरा: हरिहरेश्वर, बागमांडला, वेसवी, वेळास, केळशी, आंजर्ले

फेरीबोट ही लांब गाडीची पहिली खरी परीक्षा. जेटीचा काँक्रीटचा उतार पाण्याकडे जातो, बोटीची फळी त्यावर टेकते आणि तिथून चढ सुरू होतो. म्हणजे उतार आणि चढ मिळून एक खोबण तयार होते. पुढून बंपर आणि मागून टो-हुक घासायची जागा तीच. हायलक्सचा पुढचा कोन, म्हणजे बंपर न घासता किती उभा चढ घेता येतो ते, २९ अंश आणि मागचा २६. बाहेरून बसवलेला टो-हुक खाली लोंबत असेल तर मागचा सहज पाच-सहा अंशांनी कमी होतो. थारचा पुढचा कोन ४१ च्या वर आहे, ती वळूनही न बघता चढते. फळी संपून डेक सुरू होतो तिथे उलटा उंचवटा येतो, आणि तिथे पोट टेकतं. तिरकं चढू नये. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी फळीवर यायला हवीत, नाहीतर गाडी पिळवटते आणि एक चाक अधांतरी राहतं.

ओहोटीला बोट खाली लागते आणि जेटीचा एरवी पाण्यात असणारा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. तिथे एच-फोर लावणं योग्य, कारण पकड नसतेच. चढायच्या आधी, सरळ रेषेत, चालण्याच्या वेगात लावायचा. डेकवर चाकं आली की काढायचा. बोटीवरच्या माणसाची खूण पाळावी. ‘दादा, अजून घ्या, अजून, बस!’ म्हणेपर्यंत तो बंपर आणि पुढच्या गाडीत चार बोटं उरवतो, आणि त्याचा अंदाज कॅमेऱ्यापेक्षा चांगला असतो. हँडब्रेक ओढून गिअर पी मध्ये.

भरती-ओहोटीची वेळ कोकणात तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराच्या पुढे बाराकडे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदाज अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण जेटीवर शेवाळ लागेल की पाणी, एवढं ठरवायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाण्याची चढ-उतार सगळ्यात जास्त. सप्तमी-अष्टमीला भांग, सगळ्यात कमी. मोठी गाडी घेऊन बोटी बदलत जायचं असेल तर भांगाचे दिवस सोयीचे.

वेळास, केळशी, आंजर्ले या तिन्ही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, पिल्लं त्यानंतर मेपर्यंत निघतात. घरटी भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत असतात आणि वरून दिसत नाहीत. दोन टनांहून जड गाडीची चाकोरी पिल्लाच्या दृष्टीने खंदक आहे. समुद्राकडे निघालेलं पिल्लू त्यात पडलं की बाहेर येत नाही. शिवाय किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस कारवाई होते. केळशीची वाळूची टेकडी बघून पिकअपवाल्यांचे हात शिवशिवतात, पण ती अभ्यासकांनी किनाऱ्याचा जुना इतिहास वाचण्यासाठी खणलेली टेकडी आहे. गाडी रस्त्यावर लावून पायी जावं.

गावातल्या वाटा मात्र मनापासून चालवण्यासारख्या आहेत. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर माड-पोफळी, मधे जेमतेम एक गाडी. १८५५ मिमी मावतात, पण वळायला ६.४ मीटरची त्रिज्या लागते आणि काटकोनात वळणाऱ्या पाणंदीत ती मिळत नाही. लांब गाडीचं मागचं चाक पुढच्यापेक्षा बरंच आत कापतं. गडग्याला घासतो तो मागचा दरवाजा किंवा हौद्याचा कोपरा, पुढचा बंपर नव्हे. म्हणून वळायच्या आधी बाहेरच्या गडग्याला शक्य तितकं चिकटून पुढे जायचं आणि पुढचा दरवाजा कोपऱ्याच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं. आरसे मिटण्याआधी एकाने खाली उतरावं. समोरून रिक्षा आली तर मागे कोणी जायचं हे ठरलेलं आहे: ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने. पिकअपवाल्याने ती जागा येताना हेरून ठेवावी.

दिवस तिसरा: दाभोळ, धोपावे, गुहागर, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे

दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी एकाच दिवसात. मधला वेळ वाळूला दिला, पण किनाऱ्यावर नाही. गुहागरच्या पुढे एका नारळाच्या वाडीत खत-पाणी न्यायची खाजगी वाट आहे, शंभरेक मीटर भुसभुशीत वाळू. मालकांना विचारून, आळ्यांना आणि पाइपांना धक्का न लावता तिथे गाडी घातली. वाळूचं सगळं शिकायला एवढी वाट पुरते.

रस्त्याच्या दाबावर हायलक्स पंधरा-वीस मीटर गेली आणि पुढची चाकं रुतायला लागली. पिकअपचं इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं पुढे. हौदा रिकामा असला की वाळूत नाक आधी बुडतं. चाकापुढे वाळूचा ढीग साचतो आणि गाडी तोच ढकलत राहते. हवा १८ पीएसआयवर आणली आणि तीच वाट एच-फोरमध्ये, दुसऱ्या गिअरला, इंजिन न ओरडता पार झाली. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं लोक म्हणतात. टायरखाली काठी धरून मोजलं तर रुंदी जेमतेम वाढते, लांबी भरपूर वाढते. टेकणारा पट्टा लांब झाला की चाक वाळू खणायच्या ऐवजी तिच्यावर चढत जातं.

काही गोष्टी कटाक्षाने. १८ वर ताशी ३० च्या पुढे जायचं नाही आणि झटक्यात वळायचं नाही. रुतलो तर १५ पर्यंत चालतं. त्याखाली साध्या रिमवरून टायरची कड सुटते. थांबताना ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूची पायरी तयार होते, म्हणून पाय काढून गाडी आपोआप थांबू द्यायची, शक्यतो उताराकडे नाक करून. चाक फिरतंय आणि गाडी जागेवर आहे, असं दिसलं की त्याच क्षणी पाय काढायचा. आणखी दोन सेकंद दाबलं तर गोळा वाळूवर टेकतो. मग चाकं लोंबतात आणि कितीही ताकद असली तरी उपयोग नाही. मागे यायचं ते आपल्याच चाकोरीतून, ती दाबली गेलेली असते.

बोर्ड लावायचे असतील तर आधी चाकापुढची आणि गोळ्याखालची वाळू फावड्याने काढायची, मग बोर्ड टायरच्या खाली घुसेल असा तिरका ठोकायचा. नुसता पुढे ठेवला तर टायर त्याला मागे फेकतो, आणि मागे उभ्या माणसाची नडगी फुटते. बोर्ड नसतील तर माडाच्या सुक्या झावळ्या आडव्या घालतात, हा इथला जुना उपाय; दोन-तीन थर घातले तर थारसारख्या हलक्या गाडीला पुरतो, हायलक्सखाली त्या मोडून आत जातात. दोराने ओढायचं तर शॅकल चॅसिसच्या रिकव्हरी पॉइंटला. टो-बॉलला दोर कधीच अडकवायचा नाही. बॉल तुटला तर दोर त्याला गोफणीतल्या दगडासारखा फेकतो. जगात माणसं गेली आहेत त्याने. ओढताना दोरावर जड गोणपाट टाकावं आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करावं.

किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला गाड्या बुडतात त्याचं कारणही या वाटेवर समजतं. ओली वाळू चालताना टणक लागते, म्हणून माणूस फोटोसाठी तिथेच थांबतो. लाट येते, मागे जाताना टायरच्या बाजूची वाळू घेऊन जाते. चार-पाच लाटांत टायर निम्मा आत. चाक फिरवलं की उरलेली वाळू पाण्यात कालवली जाते आणि गाडी चॅसिसवर बसते. खाडीच्या मुखाजवळ हे आणखी लवकर होतं, कारण तिथे वाळूत गाळ मिसळलेला असतो. ट्रॅक्टर किंवा जेसीबी येईपर्यंत भरती येते. अशा गाडीचं खारं पाणी वायरिंगच्या जोडांत शिरलेलं असतं. दुरुस्त करूनही ती वर्षभर त्रास देते.

जयगडला उतरल्यावर सगळ्या टायरांत पुन्हा पूर्ण हवा. कमी हवेने डांबरावर वेगात गेलं की टायरची बाजू तापते आणि आतून थर सुटतात, ते बाहेरून दिसत नाही.

दिवस चौथा: रत्नागिरी, पावस, पूर्णगड, कशेळी, राजापूरचा सडा

आरे-वारेचा रस्ता, भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी. तिथून वर चढलं की सडा. जांभ्याचं काळं-तांबूस पठार, मधे डबकी, कडेला सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. मैलोन्मैल मोकळी सपाट जागा दिसते, कुंपण नाही, झाड नाही. फोर बाय फोर हातात असलेल्या माणसाला यापेक्षा मोठा मोह नाही.

आणि इथेच गाडी रस्त्याबाहेर काढायची नाही. या सड्यांवर कातळशिल्पं आहेत: कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर उंच कोरलेला आहे, पोटात इतर प्राणी घेऊन. एवढा मोठा, तरी पावसाळ्यानंतर गवत वाढलं की दहा पावलांवरून दिसत नाही, कारण रेषांची खोली थोडीच असते. आणि सगळ्याच शिल्पांना कठडे नाहीत. अजून न सापडलेलीही असणार. चाक घसरून एकदा जरी जांभ्याचा पापुद्रा निघाला तर तो परत बसत नाही. डांबरी किंवा गावाने वापरात ठेवलेली कच्ची वाट, एवढीच गाडीची. पुढे पायी, गावातला माणूस सोबत घेऊन.

कस घ्यायचाच असेल तर त्यासाठी चिरेखाणीची वाट आहे. राजापूर तालुक्यात एका बंद खाणीच्या मालकांनी परवानगी दिली. ट्रकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, सैल खांडक्या (चिऱ्यांचे तुकडे), ओला लाल लगदा, चढ-उतार, सगळं पाव किलोमीटरमध्ये. खाणीच्या खड्ड्यापासून मात्र लांब. चिरे काढताना भिंत उभी कापलेली असते, पाणी भरलं की खोली कळत नाही, आणि काठ वरून टणक वाटला तरी खालून सुटलेला असू शकतो.

टायर २६ पीएसआयवर. जांभ्यावर याहून कमी करू नये. फुगलेली बाजू बाहेर येते आणि चिऱ्याच्या ताज्या कडेवर चिरते. बाजूला पडलेली चीर पंक्चरच्या दोरीने बुजत नाही, टायर बदलावाच लागतो.

चाकोरीत आधी काठी. पहिल्या खुणेपेक्षा चाकोरी खोल असेल तर मधला उंचवटा गोळ्याला लागणार, हे उतरायच्या आधीच कळतं. मग दोन मार्ग. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या काठावर ठेवून जायचं, किंवा चाकोरीत खांडक्या टाकून ती उथळ करायची. ओल्या जांभ्यावर शेवाळ असेल तर पहिला मार्ग फसतो, टायर उंचवट्यावरून हळूच घरंगळतो आणि गाडी तिरकी होऊन पडते. तिथे खांडक्याच टाकायच्या. अर्धा तास जातो, जाऊ द्यावा.

पोट टेकण्याचं गणित सोपं आहे. दोन्ही गाड्यांचं पोट २२० मिमी वर धरलं आणि टायर टेकतो तो बिंदू धरला, तर ३०८५ अंतराच्या गाडीला उंचवट्याचा सुमारे १६ अंशांचा कोन मिळतो, २४५० च्या गाडीला २० अंशांचा. प्रत्यक्षात टायरच्या गोलाईमुळे दोन्ही थोडे वाढतात, पण फरक तसाच राहतो. खाणीच्या बांधावर तो दिसला: थार सरळ गेली, हायलक्सची बाजूची पायरी टेकली. तोच बांध तिरका घेतला की एकेक चाक वर येतं आणि पोट सुटतं. त्यासाठी बाजूला घसरायला जागा नाही, एवढं आधी बघून घ्यायचं.

सगळ्यात शिकवणारी जागा होती दोन खड्ड्यांची. उजवं पुढचं चाक एका खड्ड्यात, डावं मागचं दुसऱ्यात, उरलेली दोन चिऱ्यांवर. गाडी पिळवटते. खड्ड्यातल्या दोन चाकांवर वजनच राहत नाही, आणि साधा डिफ सगळा जोर तिकडे जाऊ देतो जिथे विरोध नाही. एच-फोर असूनही दोन चाकं गरगर फिरतात, गाडी जागेवर. इथे ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर समोरच्याकडे ढकलतो, आणि तेव्हा खालून करकर असा कर्कश आवाज येतो. तो आवाज ऐकून बहुतेक जण घाबरून पाय काढतात, आणि तिथेच गाडी अडकते. १५०० आरपीएमच्या आसपास पाय एकसारखा धरून दोन-तीन सेकंद थांबलं की ती पकड घेते आणि हळूच बाहेर येते. एल-फोरमध्ये डिफ लॉक लावून तीच जागा घेतली तर आवाजही नाही, चाक फिरणंही नाही. फक्त लॉक अडकल्यावर नव्हे, खड्ड्याच्या आधी, चाकं सरळ असताना लावायचा, आणि पलीकडे गेल्यावर वळायच्या आधी काढायचा. लॉक ठेवून ओल्या मातीत स्टिअरिंग फिरवलं तर पिकअप सरळच जाते.

हेच मोजून बघायचं असेल तर सपाट जागेवर एका पुढच्या चाकाखाली चिऱ्यांची पायरी-पायरीने पक्की रचाई करावी आणि गाडी रांगत चढवावी. त्याच बाजूचं मागचं चाक हलकं होत जातं. त्याच्याखाली ठेवलेला कागद ओढून निघाला की थांबायचं आणि पुढच्या चाकाची उंची लिहून ठेवायची. मग हौद्यात १०० किलो घालून पुन्हा. वजन घातल्यावर आकडा वाढतो, कारण पाटे अर्धे दबलेले असले की मोकळ्या चाकाला खाली यायला जागा राहते. शोरूममध्ये कोणी हे सांगत नाही, पण दोन पिकअपांची तुलना करायला यापेक्षा खरी कसोटी नाही. गाडी चढलेली असताना तिच्या आसपास कोणी उभं राहायचं नाही.

परतीच्या वाटेवर एक पऱ्या (ओढा) आडवा आला, त्याच्या बुटक्या फरशीवरून पाणी वाहत होतं. काठी घेऊन चालत गेलो: मधोमध ३९० च्या खुणेला जरा कमी, तळ पक्का, ओढ मध्यम. गेलो. ३९० च्या वर असतं तर थांबलो असतो. ७०० हा कंपनीचा आकडा शांत पाण्याचा आहे. वाहत्या पाण्यात निम्मा टायर बुडला की रिकामा हौदा उचलला जातो आणि गाडी आधी मागून वाहायला लागते. वेग चालण्याचा, पुढे एक छोटी लाट तयार होईल एवढा, आणि मधे ना गिअर बदलायचा ना थांबायचं. लांब चालून तापलेली धुरी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (धुरीची हवा ये-जा करायची नळी) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढते. म्हणून फरशीआधी दहा मिनिटं उभं राहावं.

दिवस पाचवा: जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण

आज ऑफ-रोडिंग नाही, बघण्यासारखं भरपूर. सगळीकडे भातकापणीची तयारी, अरुंद रस्ते, खाड्यांवरचे पूल. खाडीकाठच्या खाजणात आणि भाताच्या मळ्यात गाडी घालायची नाही: खाजणातला गाळ मांडीपर्यंत जातो, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि मळ्यातली एक चाकोरी पुढच्या पेरणीपर्यंत पाणी तुंबवते. तारकर्लीच्या बाजूला रस्त्याच्या कडेला गाडी उतरवू लागलो तर वाडीतल्या काकांनी हात केला, ‘हय नको, रेती मऊ आसा.’ कडेचा डांबराचा काठ संपला की खाली थेट वाळू असते. पार्किंगलाही दोन चाकं डांबरावरच ठेवावीत.

दिवस सहावा: मालवण, कणकवली, फोंडाघाट, कोल्हापूर, पुणे

निघताना हौद्यात नारळाची पोती आणि कोकम-आगळाचे कॅन, एकूण अडीचशे किलोच्या आसपास. किती घालता येतं हे आरसीवरच्या एकूण वजनातून रिकामं वजन आणि माणसांचं वजन वजा करून बघायचं. हौद्यात माणसं बसवायची नाहीत, कितीही जवळचा पल्ला असला तरी. भरलेली हायलक्स फोंडाघाटात वेगळीच गाडी वाटली: खड्ड्यावर उडणं थांबलं, वळणात मागून सरकणं गेलं. बदल्यात ब्रेकला अंतर जास्त लागतं आणि नाक वर उचलल्यामुळे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लाइटची पातळी खाली करायचं चाक यासाठीच असतं.

घरी आल्यावर गाडी वरून धुवायची घाई नाही, खालून त्याच दिवशी धुवावी. गोड पाणी, भरपूर, फार दाबाने नाही. जास्त दाबाने मीठ आणि वाळू सीलच्या आत ढकलली जाते. क्रमाने: चॅसिसच्या पेटीची भोकं (आतून पाणी स्वच्छ येईपर्यंत), पाट्यांमधल्या फटी, शॉकअपचे बुश, सुट्या चाकाची वरची बाजू, हौद्याच्या फळक्याची बिजागरी. मागे ड्रम ब्रेक असतील तर ते उघडून आतला लाल लगदा काढावा, नाहीतर दोन आठवड्यांत घासल्याचा आवाज सुरू होतो. दोन्ही डिफ आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासायचं. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदलायचं. ब्रीदरच्या नळ्या फुंकून मोकळ्या करायच्या. आणि मागच्या धुरीचे यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे. सड्यावरच्या पिळवटीनंतर ते सैल होतात, आणि धुरी पाट्यावर सरकायला लागली की टायर एका बाजूने झिजेपर्यंत ते कळत नाही.